काल दिसला नाहीत?

ज्येष्ठांच्या आरोग्याविषयी बोलताना आपल्या घरांत रक्तदाब, साखर, गुडघे, डोळे आणि झोप यांची चौकशी होते. सकाळच्या गोळ्या, दुपारचे पथ्य, दर सहा महिन्यांनी करावयाच्या तपासण्या यांची वही बहुतेक घरांत नीट ठेवलेली असते. त्या वहीत एक रकाना मात्र सहसा नसतो : आज घराबाहेरच्या किती माणसांशी बोलणे झाले? हा प्रश्न घरातल्यांना सुचत नाही आणि ज्येष्ठांनाही स्वतःला विचारावासा वाटत नाही. गप्पा म्हणजे वेळ घालवण्याचे साधन आणि कट्टा म्हणजे रिकामटेकड्यांची जागा, अशी जुनी समजूत त्यामागे आहे.

ही समजूत तपासून पाहायला हवी. बागेतला बाक, देवळाचा सभामंडप, वाचनालयातील वर्तमानपत्रांचे टेबल, ज्येष्ठ नागरिक संघाची साप्ताहिक बैठक, एकाच आजाराच्या रुग्णांचा गट, या सर्वांमुळे वेळ बरा जातो हे खरेच. पण त्याहून मोठे काम तेथे होत असते. नेहमीचा माणूस दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी ‘काल दिसला नाहीत?’ असे विचारणारे कोणी तरी तेथे असते. प्रश्न अगदी साधा आहे. उतारवयात मात्र कधी कधी त्याच्यावर जीव अवलंबून असतो. अमेरिकेतील शिकागो शहराने एका उन्हाळ्यात याचा फार कठोर अनुभव घेतला.

शेजारशेजारच्या दोन वस्त्या

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. १३ जुलै रोजी पारा ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला. हवेतील दमटपणामुळे उकाडा त्याहूनही असह्य झाला. त्या आठवड्यात शहरात नेहमीपेक्षा ७००हून अधिक मृत्यू जास्त झाले. मृतांमध्ये वृद्धांचे प्रमाण मोठे होते आणि त्यांतील अनेक जण एकटे राहत होते.

एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या घटनेचा सविस्तर अभ्यास केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन लगतच्या वस्त्यांची तुलना केली. हवा दोन्हीकडे सारखीच होती. गरीब वृद्धांचे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाणही जवळपास सारखे होते. तरीही पहिल्या वस्तीत उष्णतेमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण लाखामागे ४०, तर दुसरीत केवळ ४ होते.

एवढी तफावत का पडली असावी? नॉर्थ लॉनडेलमधील कारखाने आणि दुकाने अनेक वर्षांपूर्वी बंद पडली होती. मोकळे पडीक भूखंड, ओस रस्ते आणि गुन्हेगारीची भीती यांमुळे म्हातारी माणसे दार लावून घरात बसत. साउथ लॉनडेलचे रस्ते गजबजलेले होते. कोपऱ्यावर किराणा दुकान होते, बेकरी होती, चर्च होते, पदपथावर माणसांची ये-जा होती. तेथील वृद्ध पाव आणायला किंवा भाजी घ्यायला रोज बाहेर पडत. उकाड्याच्या दिवसांतही ते बाहेर पडले, थंड दुकानात घटकाभर टेकले, ओळखीच्यांच्या नजरेस पडले. दुसऱ्या वस्तीतील माणसे स्वभावाने अधिक प्रेमळ होती, असे यातून म्हणता येणार नाही. तेथील रस्त्याने त्यांना घराबाहेर पडायला कारण दिले आणि बाहेर पडलेल्या माणसाची कोणाला ना कोणाला खबर राहिली.

या अभ्यासातील आणखी एक निरीक्षण लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्त्रिया अधिक वर्षे जगत असल्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धांत त्यांची संख्या मोठी होती; तरी मृत्यूचे प्रमाण पुरुषांमध्ये अधिक होते. नोकरी संपली की अनेक पुरुषांचे माणसांशी असलेले नातेही संपते. स्त्रिया शेजारपाजार, नातलग आणि मुलेबाळे यांच्याशी धागा टिकवून ठेवतात. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रत्येक पुरुषाने यावर विचार करावा.

शरीराला संगत कशी कळते?

उष्णतेची लाट हा टोकाचा प्रसंग झाला. परंतु रोजच्या जगण्यातही माणसांच्या सहवासाचा आरोग्याशी संबंध दिसून येतो. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध सशक्त होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. स्मृतिभ्रंशाविषयीच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२० च्या अहवालात टाळता येण्याजोग्या जोखमींच्या यादीत बहिरेपणा, उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांच्याबरोबर सामाजिक तुटलेपणाचाही समावेश केला. ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या विषयावर आयोग स्थापन केला.

अशा अभ्यासांचा अर्थ लावताना थोडा विवेक हवा. आजारी माणूस आपोआपच घरात बसतो. त्यामुळे एकटेपणाने आजार आला की आजाराने एकटेपणा आला, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढत नेतात. पण संगतीचा उपयोग कसा होतो हे समजायला फार खोल जावे लागत नाही. कट्ट्यावर जायचे म्हणून माणूस दाढी करतो, स्वच्छ कपडे घालतो, दोन-चारशे पावले चालतो. बोलण्यासाठी आठवावे लागते, ऐकण्यासाठी लक्ष द्यावे लागते. मेंदूला काम मिळते. संध्याकाळ बाहेर गेली की दुपारची झोप लांबत नाही आणि रात्री डोळा लागतो. शिवाय घरच्यांच्या रोजच्या पाहण्यात जे बदल सुटतात, ते बाहेरच्या माणसाला चटकन दिसतात. ‘पाय ओढत चालताहात’, ‘चेहरा उतरलाय’, ‘तीच गोष्ट पुन्हा सांगितलीत’ ही वाक्ये मित्रच बोलतो, आणि कित्येकदा तेथूनच डॉक्टरकडे जाण्याची वाट सुरू होते.

एक गोष्ट येथे स्पष्ट करायला हवी. एकटे राहणे आणि एकाकी असणे या दोन भिन्न अवस्था आहेत. एकटी राहणारी एखादी आजी दिवसभर माणसांत असते. उलट भरल्या घरात, मुले-सुना-नातवंडे यांच्या गराड्यातही एखाद्या आजोबांशी दिवसभरात ‘जेवलात का?’ यापलीकडे कोणी बोललेले नसते. समवयस्कांची गरज प्रेमळ कुटुंबही पूर्णपणे भागवू शकत नाही. वडील कट्ट्यावर जातात यात घरच्यांनी कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पार, ओटा आणि कट्टा

आपल्या समाजाने ही गरज फार पूर्वी ओळखली होती. गावात वडा-पिंपळाचा पार होता, चावडी होती, देवळासमोर सभामंडप होता. कोकणातल्या घराला ओटा होता, वाड्याला चौक होता, मुंबईच्या चाळीला सामाईक गॅलरी होती. घराबाहेर पाऊल टाकले की माणूस भेटत असे. सदनिकांच्या इमारतींनी आपल्याला खासगीपणा दिला. त्याच्या मोबदल्यात ही अधलीमधली जागा गेली. दार बंद झाल्यावर आत माणूस आहे की नाही, हे शेजारच्या दारालाही कळत नाही.

तरी जागा शोधण्याची आपली सवय गेलेली नाही. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा कठडा हा कित्येक पिढ्यांचा कट्टा आहे. गिरगाव चौपाटीजवळ ज्येष्ठांसाठी नाना-नानी पार्क उभे राहिले आणि ते नाव पुढे अनेक शहरांतील बागांना मिळाले. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत सकाळी वर्तमानपत्रांभोवती जमणारी मंडळी बातम्यांइतकीच एकमेकांसाठी येतात. महाराष्ट्रभर पसरलेले ज्येष्ठ नागरिक संघ आणि त्यांना जोडणारा ‘फेस्कॉम’ हा महासंघ यांनी तर या भेटीगाठींना संस्थेचे रूप दिले. वाढदिवस, सहली, व्याख्याने, आरोग्य तपासण्या यांचे निमित्त असते. मुख्य गोष्ट म्हणजे हजेरी.

निमित्ताचे महत्त्व हास्य क्लबांच्या जन्मकथेतून छान उमजते. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातील बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन सकाळी हसण्याचा उपक्रम सुरू केला. आरंभी विनोद सांगून हसणे चाले. काही दिवसांत चांगले विनोद संपले. तेव्हा विनोदावाचूनच, व्यायामासारखे एकत्र हसण्याची कल्पना त्यांनी मांडली आणि उपक्रम टिकला. पुढे तो जगभर पोहोचला. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, प्रवेशाला अट नाही, खर्च नाही आणि करायला काही तरी सोपे, एवढ्यावर माणसे वर्षानुवर्षे पहाटे उठून येतात.

जागा मात्र ज्येष्ठांना जमेल अशी असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यासाठी ३३ शहरांतील ज्येष्ठांशी बोलून माहिती घेण्यात आली; त्यांत आपल्याकडील दिल्ली आणि उदयपूर ही शहरे होती. ज्येष्ठांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या : बसायला बाक, स्वच्छ प्रसाधनगृह, सपाट पदपथ, रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ. बाकाला पाठ आणि हात असतील तर गुडघे दुखणाऱ्याला उठता येते. प्रसाधनगृह नसेल तर प्रोस्टेटचा त्रास असलेले गृहस्थ आणि लघवीवर ताबा कमी झालेल्या भगिनी घराबाहेर पडणेच सोडतात. कारण मात्र संकोचाने कोणाला सांगत नाहीत. नगरसेवकाकडे निवेदन द्यायचे असेल तर कारंजाच्या आधी या गोष्टी मागाव्यात.

समदुःखी भेटतात तेव्हा

कट्टा सर्वांसाठी असतो. काही दुःखे मात्र अशी असतात की ती कट्ट्यावर उघडता येत नाहीत. त्यासाठी तीच वाट चाललेला माणूस लागतो. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद असे दोन मद्यासक्त पुरुष भेटले. दुसऱ्याला सावरण्याची धडपड करताना आपण स्वतः दारूपासून दूर राहतो, हे त्यांना उमगले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. फ्रँक रीसमन या अभ्यासकाने १९६५ मध्ये या अनुभवाला तत्त्वाचे रूप दिले : मदत करणाऱ्यालाच मदतीचा मोठा लाभ होतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही उपचाराइतकेच महत्त्व व्यसनातून बाहेर पडलेल्यांच्या सोबतीला दिले गेले.

उतारवयातील आजारांत अशा गटांची उपयुक्तता आणखी जाणवते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटात गेल्यावर हाताचा कंप लपवावा लागत नाही. चहाचा कप अर्धाच भरावा, शर्टाला गुंड्यांऐवजी चिकटपट्टी लावावी, पाऊल अडले तर मनात ताल धरावा, अशा बारीकसारीक युक्त्या रुग्णच रुग्णाला सांगू शकतो. मधुमेह, पक्षाघात, कर्करोग अशा आजारांभोवतीही गट बांधले गेले आहेत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी १९९२ मध्ये केरळात राष्ट्रीय पातळीवरील संघटना स्थापन झाली. तिच्या शाखा आज देशातील अनेक शहरांत आहेत.

शुश्रूषा करणाऱ्यांना या गटांची गरज रुग्णाहूनही अधिक असू शकते. रात्री चार वेळा उठणारी सून, नोकरी सोडून आईपाशी राहिलेला मुलगा, स्वतः सत्तरीत असताना पतीला उचलून बसवणारी पत्नी यांचे जग हळूहळू एका खोलीएवढे होते. कधी राग येतो, कधी ‘आता सुटका व्हावी’ असा विचार मनात येतो आणि त्याची लाज वाटते. गटात कोणी तरी हेच शब्द मोठ्याने बोलते, तेव्हा आपण वाईट आहोत ही भावना सैल होते. आठवड्यातून दोन तास कोणाला तरी घरी बसवून अशा बैठकीला जाणे हा शुश्रूषेचाच भाग मानावा.

आजीचा बाक

झिंबाब्वेतील एका प्रयोगाने बाक आणि आधारगट या दोन्ही कल्पना एकत्र आणल्या. त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ अगदी मोजके होते. २००६ मध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी राजधानी हरारेतील म्बारे या वस्तीत १४ आजीबाईंना समोरच्याचे नीट ऐकून घेण्याचे आणि त्याला त्याची अडचण सोडवायला मदत करण्याचे प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवला. आरंभी त्याला मानसिक आरोग्याचा बाक म्हटले, तेव्हा लोक बसेनात. ‘मैत्रीचा बाक’ म्हटल्यावर येऊ लागले. तेथील शोना भाषेत मनाच्या या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, असा शब्द आहे. आजीबाई तोच वापरत. २०१६ मध्ये ५७३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात सुमारे ५० टक्के जणांत नैराश्याची लक्षणे होती. आजीबाईंशी बोललेल्यांत ती सुमारे १४ टक्के जणांत उरली होती.

या प्रयोगात ज्येष्ठ व्यक्ती मदत घेणारी नसून देणारी होती. आपल्याकडेही निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी, संसार निगुतीने केलेल्या गृहिणी यांच्यापाशी ऐकून घेण्याची केवढी तरी शिदोरी असते. तिचा उपयोग करून घेणारा बाक तेवढा हवा.

दाराबाहेर राहिलेले

कट्ट्यांची स्तुती करताना तेथे कोण दिसत नाही, हेही पाहायला हवे. बहुतेक कट्टे पुरुषांचे असतात. संध्याकाळी साडेपाचला आजी स्वयंपाकघरात किंवा नातवाच्या मागे असतात. त्यांचे भजनी मंडळ, त्यांची भिशी ही तितकीच मोलाची स्थाने आहेत. त्या वेळी घरातील काम दुसऱ्या कोणी तरी उचलले पाहिजे. हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायका एकत्र येतात. पण पती गेल्यावर, म्हणजे सोबतीची सर्वाधिक गरज असताना, नेमके तेच बोलावणे थांबते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना केले. ठरावाची अंमलबजावणी मात्र प्रत्येक घराच्या उंबरठ्यावरच व्हायची आहे.

ऐकू कमी येणारे ज्येष्ठही हळूच गळतात. चार जण एकदम बोलू लागले की त्यांना काही कळत नाही, विचारायची लाज वाटते, मग पाय दुखत असल्याचे निमित्त पुढे येते. त्यांची कानाची तपासणी करून घ्यावी आणि कट्ट्यावर त्यांना भिंतीकडे पाठ करून, सर्वांचे चेहरे दिसतील असे बसवावे.

आरंभ कसा करावा?

दहा जण मिळण्याची वाट पाहू नये, तिघे पुरेत. जागा आणि वेळ शक्यतो बदलू नये. घराजवळची, रस्ता न ओलांडता गाठता येणारी जागा उत्तम. पावसाळ्यात कोठे जमायचे ते उन्हाळ्यातच ठरवून ठेवावे, नाही तर चार महिन्यांत गट मोडतो. नवख्याला पहिल्या दिवशी कोणी तरी घरून सोबत आणावे. एकट्याने जाऊन अनोळखी घोळक्यात बसणे कोणत्याही वयात अवघडच असते. घरच्यांनी ‘बाबा, बाहेर जात जा’ असा उपदेश करण्यापेक्षा पहिले आठ दिवस त्यांच्याबरोबर चालत जावे.

प्रत्येक गटाकडे एक वही असावी. तीत सभासदाचे नाव, घरचा पत्ता, जवळच्या नातलगाचा आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. कोणी न कळवता दोन दिवस आले नाही, तर कोणी फोन करायचा आणि फोन उचलला नाही तर घरी कोणी जायचे, हे ठरलेले असावे. ज्यांना आता घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा कट्टाच जावा.

काही पथ्ये पाळावीत. कट्ट्यावर मिळालेल्या सल्ल्याने गोळी बदलू नये की बंद करू नये. पैशांचे व्यवहार आणि गुंतवणुकीच्या योजना बैठकीबाहेर ठेवाव्यात. एकाने मोकळेपणाने सांगितलेले घरचे दुःख दुसऱ्या कट्ट्यावर जाऊ नये. एखाद्याने सलग दोन आठवडे कशातच रस घेतला नाही, झोप-भूक हरवली किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलून दाखवले, तर गप्पांवर न विसंबता डॉक्टरांची मदत घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

औषधांच्या वहीत तो एक रकाना आजच आखून घ्यावा. त्यात रोज किमान एक नाव घराबाहेरचे असावे. त्याचबरोबर आपल्या कट्ट्यावरून, मंडळातून किंवा इमारतीतून अलीकडे कोण दिसेनासे झाले आहे, हेही आठवून पाहावे. त्या दाराची घंटा वाजवायला कोणत्याही संस्थेची नोंदणी लागत नाही. ‘काल दिसला नाहीत?’ एवढे विचारले तरी पुरे.